नाव बदलायचंय : आधी राजपत्र, आधार की बाळाचा जन्मदाखला?

उमरेड_रोड

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझं कागदावरचं नाव उकंडा. विदर्भातल्या लोकांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी: उकंडा म्हणजे उकिरडा. माझ्या आधी आईची दोन बाळं गेली. मी झालो तेव्हा आजीनं मला सुपात घालून घरामागच्या उकंड्यावर ठेवलं. शेजारच्या काकूनं "कोनाचं पोर पडलं इथं" म्हणत उचललं आणि आईच्या ओटीत आणून घातलं. टाकलेल्या पोरावर काळाचा डोळा जात नाही, अशी समजूत. मी जगलो आणि नाव चिकटलं.

भिवापूरकडच्या आमच्या शाळेत हे नाव माझ्या एकट्याचं नव्हतं, म्हणून तिथे काही वाटलं नाही. अकरावीला नागपुरात आलो. पहिल्या हजेरीला वर्ग हसला. मग मुलाखती, बँक, दवाखान्यातला पुकारा. आता सगळ्यांना मी 'उदय' सांगतो. बायकोलाही खरं नाव लग्न ठरताना कळलं.

तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली. दवाखान्यानं आधार पाहून माहिती कळवली, दाखला आला. बाळाच्या नावाची जागा अजून रिकामी आहे, पण वडिलांच्या रकान्यात ते नाव छापून आलं. त्या रात्री झोप लागली नाही. मी सहन केलं ते केलं. आता ती शाळेत, कॉलेजात, पासपोर्टवर हे नाव लिहिणार.

नाव कायदेशीर बदलायला कोर्टात जावं लागतं का? आधी काय करायचं? दहावी-बारावीच्या मार्कशीटचं काय? मुलीचा दाखला बदलतो का? आणि शेवटचा प्रश्न कागदाचा नाही. आजी अजून आहे, ८४ वर्षांची. तिला हे सांगायचं कसं?

तर्री_पोहा

भाऊ, आधी लेकीसाठी अभिनंदन! पेढे उधार राहिले.

धंतोलीची_वकील

अभिनंदन. तुमचे प्रश्न एकेक करून घेते.

कोर्टात जावं लागत नाही. सज्ञान माणसाला स्वतःचं नाव बदलायला न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे रूढ मार्ग राजपत्राचा. 'महाराष्ट्र शासन राजपत्र' दर आठवड्याला निघतं, त्याच्या भाग दोनमध्ये नावातले बदल छापतात. अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. फोटो, जुन्या नावाचा ओळखपुरावा, पत्त्याचा पुरावा, बदलाचं कारण, ऑनलाइन शुल्क. छापून आलं की तो अंक उतरवून घ्यायचा.

त्याच पानावर एक टीप असते, ती सहसा कोणी वाचत नाही. मजकूर अर्जदाराच्या अर्जावरून छापला आहे, त्याच्या खरेपणाची जबाबदारी शासनावर नाही, असा तिचा अर्थ. म्हणजे सरकार तुम्हाला नाव देत नाही. नाव तुम्ही घेता, राजपत्र ते चारचौघांत सांगतं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना हे कळलं की त्यांची अर्धी भीती जाते. सर्वोच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांच्या खटल्यात सांगितलंय की स्वतःच्या नावावरचा अधिकार हा अनुच्छेद १९ आणि २१ मधल्या अधिकारांचा भाग आहे.

राजपत्रानंतर आधी आधार. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग ठरल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. राजपत्रासोबत जुन्या नावाचा ओळखपुरावाही न्या. मग पॅन, मग बँक. पीएफ असेल तर कंपनीमार्फत. मतदार यादीसाठी नमुना ८. पासपोर्ट असेल तर नव्या नावानं पुन्हा काढावा लागेल.

दाखल्याचं वेगळं लिहिते, तो विषय किचकट आहे.

कोष्टीपुरा

मी २०२१ मध्ये केलं. सेतूच्या बाहेर एका एजंटनं चार हजार सांगितले. घरी बसून पोरीच्या मोबाइलवरून भरलं, शुल्क त्याच्या जवळपासही नव्हतं. फक्त फोटोची साइज दोनदा चुकली.

महाल_गल्ली

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. माझ्या काकाचं नाव कचरू. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. गावात 'कचरू गुरुजी' म्हटलं की लोक उभे राहायचे. माणूस नावाला मोठं करतो. तुमच्या आजीनं ते नाव तुम्हाला हिणवायला ठेवलं नव्हतं, घाबरून ठेवलं होतं. दोन नातवंडं मातीत घालून आलेल्या बाईनं ठेवलेलं नाव आहे ते. एवढा विचार करा.

दीक्षाभूमीजवळ

@महाल_गल्ली, तुमच्या काकांबद्दल आदर आहे. तरी माझ्या घरचं ऐका.

माझ्या पणजोबांच्या पिढीतली नावं मी इथे लिहिणार नाही. ती गावानं ठेवलेली होती. कोणाचं रंगावरून, कोणाचं व्यंगावरून. मोठं नाव ठेवलं तर पाटलाला चालायचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा पवनीहून चालत, बैलगाडीनं, जमेल तसे नागपूरला आले आणि धम्मदीक्षा घेऊन परत गेले. त्यानंतर आमच्या घरात जन्मलेल्या पोरांची नावं बघा: सिद्धार्थ, सुजाता, मिलिंद, यशोधरा, राहुल. आजोबांनी आत्याचं पाळण्यातलं नाव बदलून आम्रपाली ठेवलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. आत्या सांगते, त्या दिवशी आजोबांनी तिला पाटीवर ते नाव दहा वेळा काढायला लावलं.

तेव्हा ना राजपत्र, ना आधार. पण नाव बदलणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळलं होतं. म्हणून "माणूस नावाला मोठं करतो" हे मला अर्धंच पटतं. सगळ्यांना ती संधी मिळतेच असं नाही. हजेरीत हसू ऐकलेलं पोर पुढे हात वर करत नाही.

उदय भाऊ, बदला.

महाल_गल्ली

@दीक्षाभूमीजवळ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. काका गुरुजी झाल्यावर लोक उभे राहायला लागले. त्याआधीचं मला माहीत नाही, मी कधी विचारलंच नव्हतं. आज फोन करतो.

बाभूळकाटा

नागपुरात निम्मं गाव निम्म्या गावाला 'भाऊ' म्हनते बाप्पा, नाव लागते कुठं! आपल्या विद्यापीठाचं नाव बदललं २००५ मध्ये, तुकडोजी महाराजांचं लागलं, तरी आटोवाला अजून 'युनिवर्सिटी'च म्हनते. तं भाऊ, तुम्ही बिनधास्त बदला, पन जुने दोस्त जुन्याच नावानं हाका मारतीन, ते सहन करा.

निवृत्त_मास्तर

मी ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत.

जूनमध्ये पोरं दाखल व्हायची. आई किंवा आजी सोबत यायची, जन्मतारीख माहीत नसायची. आम्ही १ जून, १ जुलै टाकून मोकळे. नावांचंही तसंच. कधी आम्ही सुधारायचो, 'पांड्या'चं पांडुरंग करायचो. कधी घाईत जे कानावर पडलं ते लिहायचो. 'उकंडा' मी स्वतः लिहिलेलं आहे, एकदा नाही, तीन-चारदा. त्या आयांना मी विचारू शकलो असतो, "घरात काहीही म्हणा, शाळेत दुसरं लावू का?" त्या हो म्हणाल्या असत्या. मी विचारलं नाही. तुमचा धागा वाचल्यापासून ते मनात घोळतंय.

तुमच्या मार्कशीटबद्दल. माध्यमिक शाळा संहितेनुसार शाळेत असताना दाखल खारीज रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत, बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं होतो. शाळा सोडल्यावर लेखनातली चूक असेल तर गोष्ट वेगळी. तुमची चूक नाही, नाव त्या वेळी तेच होतं. म्हणून दहावी, बारावी, टीसी, पदवी जुन्या नावानंच राहू द्या. जिथे दाखवाल तिथे राजपत्राची प्रत जोडा. मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयात चकरा मारून काही हाती लागायचं नाही.

उमरेड_रोड

मास्तर, तुमचं वाचून काय लिहावं कळेना. माझ्या गुरुजींनी चौथीपर्यंत मला जवळ बसवून पाढे शिकवले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुमच्याबद्दलही कोणाच्या नसेल.

वकील ताई, दाखल्याची वाट पाहतोय.

धंतोलीची_वकील

हो, लिहिते.

जन्मनोंद ही त्या दिवशी जे होतं त्याची नोंद असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ मध्ये चुकीच्या नोंदी दुरुस्त करायची तरतूद आहे. तुमच्या लेकीच्या दाखल्यात चूक नाही, तिच्या जन्मानंतर वडिलांचं नाव बदललं आहे. म्हणून काही निबंधक लगेच घेतात, काही हात झटकतात. राजपत्र, नवं आधार, तुमचं प्रतिज्ञापत्र जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार दिला तर तोही लेखी मागा. तोंडी 'होत नाही' ऐकून परत येऊ नका. लेखी नकार हातात असला की वर दाद मागता येते.

हे टाळू नका असं का म्हणते, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झालाय. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, आधार, सगळ्याला जन्मदाखलाच मूळ पुरावा. आधी टीसीवर भागायचं, आता नाही.

बाळाचं नाव घालायची घाई करू नका. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. तोवर तुमचं राजपत्र येईल. मग दोन्ही कामं एकदमच न्या.

मानकापूर_फाटक

आमच्या झोन कार्यालयात घेतलं होतं, बायकोचं नाव बदललं तेव्हा. तीन चकरा झाल्या, पण झालं.

आभा_र

आमच्याकडे नाही घेतलं. तोंडीच परत पाठवलं आणि मी मुकाट्यानं आले. लेखी नकार मागायचा असतो, हे मला आज कळतंय. तीन वर्षं गेली. सोमवारी अर्ज घेऊन जाते.

गोरेवाडा_पाणी

एक बाजूचा प्रश्न. लग्नानंतर मी नाव बदललं नाही. सासरी रोज विषय निघतो की "कायद्यानं लागतं". लागतं का?

धंतोलीची_वकील

@गोरेवाडा_पाणी, नाही. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ज्यांना पतीचं आडनाव लावायचं आहे त्यांचं बहुतेक काम विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर होतं. पण लावलंच पाहिजे असं नाही. हे घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

सदरकर

आमच्याकडे लग्नात तांदळात नवरीचं पहिलं नावही बदलून लिहायचे. माझी आई सोन्यासारखी 'कुमुद' होती, ती 'सुमन' झाली. माहेरची चिठ्ठी आली की त्यावर कुमुद असायचं आणि पोस्टमन परत न्यायचा. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत 'कुमुद' लिहिलेली एक वही सापडली, पानंच्या पानं तिच्या सहीची.

विषयाबाहेरचं आहे, पण लिहावंसं वाटलं.

आभा_र

@सदरकर, विषयाबाहेरचं नाही हे.

तर्री_पोहा

साताऱ्यात २०११ मध्ये 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं प्रशासनानं एका समारंभात बदलली होती, आठवतं? मुलींनी स्वतः नावं निवडली. उकंडा, दगडू, धोंडू, कचरू ही जगवण्यासाठी ठेवलेली नावं आणि नकोशी हे नको म्हणून ठेवलेलं, फरक आहे मान्य. पण हजेरीला उभं राहणाऱ्या पोराला दोन्ही सारखीच टोचतात.

बुटीबोरी_शिफ्ट

जातीच्या दाखल्याचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो, कारण मी त्यातून गेलोय.

राखीव प्रवर्गात असाल तर ही पोस्ट जपून ठेवा. जात पडताळणी वंशावळीवर चालते. समिती तुमच्याकडे बापाचे, आजोबाचे जुने पुरावे मागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमची मुलगी १७ वर्षांची होईल तेव्हा तिच्या कागदावर वडील 'उदय' असतील, तुमच्या टीसीवर 'उकंडा'. हे दोघं एकच, हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे राजपत्र. माझ्या वडिलांनी १९९० च्या दशकात नाव बदललं आणि तो अंक हरवला. माझ्या प्रवेशाच्या वेळी सहा महिने नुसती पळापळ. शेवटी प्रत मिळाली, पण त्या वर्षीचा राउंड गेला.

छापील प्रत काढा, लॅमिनेट करू नका, तीन ठिकाणी ठेवा. पीडीएफ स्वतःला मेल करा. बायकोलाही.

दीक्षाभूमीजवळ

हे फार महत्त्वाचं आहे. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० मध्ये मिळाल्या. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही घरोघरी जुने कागद शोधणं चाललं होतं. ज्यांच्या घरी एक टीनाची पेटी होती त्यांचं निभावलं.

अजनी_यार्ड

केंद्र सरकारच्या नोकरीत असणाऱ्यांनी आधी आपल्या विभागाला विचारावं. मी रेल्वेत आहे. माझ्याकडे भारताचं राजपत्र मागितलं, राज्याचं चाललं नाही. त्याला वर्तमानपत्रातली जाहिरात लागते आणि अर्ज दिल्लीच्या प्रकाशन विभागाला जातो. गंमत म्हणजे आपलं नागपूरचं शासकीय मुद्रणालय सिव्हिल लाईन्समध्ये आणि दिल्लीचं ते कार्यालयही सिव्हिल लाईन्समध्येच. माझ्या भाच्याला वाटलं मामा इथल्याच, नागपूरच्या झिरो माइलला जाऊन येतो.

नवी_मी

मी २०२२ मध्ये तृतीयपंथी ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे ऑनलाइन अर्ज केला होता. २०१९ च्या कायद्याखाली मिळालेल्या त्या प्रमाणपत्रावर माझं पहिलं नाव बदलून घेता आलं. आधार केंद्रावरच्या मुलीनं नवं नाव वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना ताई?" मी बाहेर येऊन पायरीवर बसले, दहा मिनिटं उठता आलं नाही. उदय भाऊ, तुम्हालाही तो दिवस येईल. सोबत कोणालातरी न्या.

उमरेड_रोड

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर देता आलं नाही, गावी गेलो होतो.

आजीला सांगितलं. आधी तिला ऐकू गेलं नाही, मग गेलं आणि ती गप्प झाली. मला वाटलं चुकलंच. आई उठून आत गेली. बऱ्याच वेळानं आजी म्हणाली, "तुले उकंड्यावून उचलून आनलं होतं ना बापा. तिथं ठेवासाठी कोन आनते?" मग तिनं विचारलं, नवं नाव काय. मी सांगितलं. तिच्या तोंडात 'उद्या' असंच आलं. दोन-तीनदा म्हणून पाहिलं तिनं. पोरीला मांडीवर घेऊन तिलाही सांगितलं, "तुया बापाचं नाव उद्या हाय बरं."

महाल_गल्ली काका, तुमची पहिली पोस्ट वाचली नसती तर मी तिला न सांगताच बदलून मोकळा झालो असतो. तुमचे विशेष आभार.

रात्री तिथूनच अर्ज भरायला बसलो. एक अडलं. कारणाच्या रकान्यात काय लिहू? सगळं लिहायला जागा नाही. आणि इंग्रजी स्पेलिंग: शेवटी वाय एकच की त्याआधी ए एकदा, की दोनदा?

महाल_गल्ली

काकांना फोन केला होता. ते म्हणाले, बी.एड.ला असताना त्यांनी दोनदा अर्ज लिहून फाडला. का फाडला ते सांगितलं नाही. तुम्ही फाडू नका.

कोष्टीपुरा

कारण : 'वैयक्तिक'. माझं तेवढ्यावर झालं.

धंतोलीची_वकील

ए एकदाच. आणि जे लिहाल ते आधार, पॅन, बँक, सगळीकडे अक्षर अन् अक्षर तेच. पाठवायच्या आधी बायकोकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या. मुलीचं नाव काय ठरलं?

उमरेड_रोड

अजून ठरलं नाही. आजीला विचारलंय, ती म्हणते दोन दिवस दे.